चिंधी बांधलेली घुंगरं

फार पूर्वी, निरोप आणि औषधं माणसांच्या पायांवर प्रवास करायची, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि वर माचीवर दुसरं. मधे नदी. खालच्या गावात औषध देणारी एक वैदीण राहायची, वरच्या गावात ताप मुक्कामाला असायचा, आणि दोन्ही गावांच्या मधे पळायची एक बाई. तिला सगळे धावतीच म्हणत.

धावतीच्या हातात कायम एक काठी असे आणि काठीला घुंगरं. पावलागणिक काठी जमिनीला टेकायची, घुंगरं वाजायची. तो आवाज आला की लोक आपापली कुत्री आवरायचे, गाडीवाले बैल कडेला घ्यायचे, आणि नदीपलीकडचा नावाडी चिलीम खाली ठेवून नाव अलीकडच्या काठाला आणायचा. धावतीला कुठे थांबावंच लागत नसे.

पळण्यात ती पटाईत होती, पण काळजी करण्यात त्याहून पटाईत. रस्त्यावर असली की घरच्या लेकीची काळजी, घरी असली की रस्त्याची. लेक नुसती शिंकली तरी हिच्या मनात ताप चढून, उतरून, परत चढलेला असायचा. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, तुझे पाय नदीशी जाईपर्यंत तुझी काळजी माचीवर जाऊन परत आलेली असते."

त्या वर्षी वरच्या गावात ताप जास्तच पसरला. धावती एका फेरीच्या जागी दोन फेऱ्या करू लागली. पायाच्या नळीत ठणका लागायचा. ती तेल चोळायची आणि पळायची. एका दुपारी ती परत आली, तर ओट्यावर बाहुली निजवत बसलेली लेक म्हणाली, "आई, तुझी घुंगरं लंगडतायत."

"काहीतरीच काय!"

"खरंच. एकदा लवकर वाजतात, एकदा उशिरा."

सासूबाईंनी निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि सुनेला सरळ वैदिणीकडे नेलं.

वैदिणीने नळीवरून अंगठा फिरवला. एका जागी धावती कळवळली. "हाड तडकायच्या बेतात आहे," वैदीण म्हणाली. "पळणं बंद."

"कधीपर्यंत?"

"पुनव जाईल, अवस जाईल, परत पुनव येईल. मग बघू. आणि नीट ऐक. दुखणं आधी जातं, बळ मागून येतं. दुखायचं थांबलं म्हणून उठून पळत सुटू नकोस. आधी चालायचं. मग वडापर्यंत जरासं पळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला विचारायचं, कसा आहेस? तो गप्प राहिला तर पुढे. कुरकुरला तर मागे."

"पण तोवर औषधं कोण नेणार?"

"गुराखी नेईल."

गुराखी! धावतीला रडूच फुटायचं बाकी राहिलं. गुराखी माणूस देवासारखा, पण रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाची, प्रत्येकाच्या म्हशीची आणि म्हशीच्या पारडाची चौकशी केल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. सकाळी निघायचा तो दुपारी उन्हं कलताना पोचायचा. पण पोचायचा.

धावती घरी बसली. बसली म्हणजे काय, तर पाय पसरून नळी दाबत बसली. दुखतंय का? दुखतंय. आता? अजून दुखतंय. पाणी भरता भरता दाबायची, लेकीची वेणी घालता घालता दाबायची. शेजारीपाजारी येऊन सल्ले देऊन जायचे. एक म्हणे पाय उन्हात ठेव, दुसरी म्हणे सावलीत. धावती सगळ्यांचं ऐके, त्यामुळे अर्धा दिवस तिचा एक पाय अंगणात असे आणि बाकीची ती घरात.

"अगं, विरजण लावलेलं भांडं घटकेघटकेला हलवून बघितलंस तर दही लागेल का?" सासूबाई करवादल्या. "सोड ती नळी!"

पुनव गेली, अवसही गेली. एका सकाळी धावती पाणी घेऊन आली आणि तिच्या लक्षात आलं की पाय दुखत नाहीये. तिने दाबून पाहिलं. नाही. उडी मारून पाहिली. नाही! वैदिणीने सांगितलेली दुसरी पुनव अजून लांब होती, वडापर्यंत पळणंही व्हायचं होतं. पण ते सगळं दुखणाऱ्या माणसांसाठी, असं तिने स्वतःला समजावलं.

नेमका त्याच दिवशी वरून निरोप आला. माचीवर एका तान्ह्या मुलाला ताप भरला होता. वैदिणीने काढ्याची पूड बांधून गुराख्याला दिली आणि सांगितलं, "लगेच नीघ." कांबळं खांद्यावर टाकून गुराखी धावतीच्या दारावरून निघाला.

पण धावतीच्या डोळ्यांपुढे ते तान्हं मूल आलं. मग मुलाच्या तोंडावर स्वतःच्या लेकीचं तोंड आलं. मग दिसला गुराखी, वाटेत कुणाच्यातरी म्हशीच्या पाठीवर थाप मारत उभा असलेला. आणि त्या सगळ्याच्या मागे, अगदी कोपऱ्यात, आणखी एक भीती बसली होती: गुराख्यावरच सगळ्यांचं भागायला लागलं तर मग आपण कोण?

"द्या इकडे भाऊजी," ती म्हणाली. "मीच जाते. पाय बरा झालाय."

"वैदीणबाईंना विचारलंत का वहिनी?"

"विचारलं," धावती म्हणाली, आणि औषधाची पुरचुंडी कमरेला खोचली.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला सासूबाई आठवल्या. सासूबाई परसात शेणी थापत होत्या, आणि त्यांचे कान घुंगरांवर असणार. पाऊल जरा जरी डगमगलं तरी अख्ख्या गावाला ऐकू जाणार. मग तिने लेकीच्या जुन्या झबल्याच्या चिंध्या फाडल्या आणि एकेका घुंगराला घट्ट बांधल्या. काठी आपटून पाहिली. आवाज नाही. लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई, घुंगरांना थंडी वाजतेय?"

"हो गं बाई," म्हणून धावती निघालीसुद्धा.

सुरुवातीला काय सांगावं! वारा कानात भरत होता, पाय हलके झाले होते. वड मागे पडला, देवीची घाटी मागे पडली. बघा, उगाच घाबरत होते मी, ती मनाशी म्हणाली. नदीकाठी आली आणि थबकली.

नाव नव्हती.

नाव पलीकडच्या काठाला होती आणि नावाडी झाडाखाली पाठ करून जाळं विणत बसला होता. त्याने घुंगरं ऐकलीच नव्हती. ऐकणार कशी? धावतीने हाका मारल्या. वारा पलीकडून अलीकडे वाहत होता, हाका तिच्याच तोंडावर परत आल्या. तिने चिंध्या सोडायला घेतल्या, तर घाईत मारलेल्या गाठी सुटेनात. थांबल्यावर अंग निवलं, आणि नळीत तो ओळखीचा ठणका हळूच जागा झाला.

तेव्हा तरी बसायला हवं होतं. पण पुरचुंडी कमरेला टोचत होती आणि मनात तान्हं मूल रडत होतं. वरच्या अंगाला पात्रात खडक होते. धावतीने पदर खोचला आणि एका खडकावरून दुसऱ्यावर उड्या मारत निघाली. निम्मी नदी पार झाली. पुढची उडी लांब होती. पाय खडकावर टेकला, आतून काहीतरी कट्कन झालं, आणि ती नदीच्या मधोमध बसली. उठायला गेली. उठता येईना.

किती वेळ गेला कोण जाणे. काढ्याची पुरचुंडी भिजू नये म्हणून तिने ती डोक्यावर धरली होती. शेवटी नावाडी जाळं धुवायला पाण्याशी आला आणि त्याला खडकावर बसलेली बाई दिसली. तो नाव घेऊन आला आणि काठीकडे बघून म्हणाला, "घुंगरांना काय झालं वहिनी? सर्दी?"

धावतीने काठी पुढे केली. नावाड्याने कोयत्याने चिंध्या कापल्या आणि काठी जोरजोरात हलवली. तो आवाज ऐकून दूरवर गुरं चारत असलेला गुराखी धावत आला. सकाळीच निघाला असता तर तो एव्हाना माचीवर पोचून, सगळ्यांच्या म्हशींची चौकशी करून परतीला लागला असता. आता त्याने पुरचुंडी घेतली आणि एका शब्दानेही कुणाशी न बोलता चढ चढला. मूल वाचलं. पण काढा मिळेपर्यंत त्याला आकडी येऊन गेली होती, आणि हे धावतीला कळल्यावाचून राहिलं नाही.

आता हाड खरंच तडकलं होतं. वैदिणीने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि रागावलीसुद्धा नाही. तेच धावतीला जास्त लागलं.

या खेपेला ती खरोखर बसली. कितीतरी पुनवा, अवसा गेल्या. कामट्या सुटल्या. वैदीण म्हणाली, "हाड जुळलंय. आता चालायला लाग." पण धावती उठेना. आधी बसायची भीती होती, आता उठायची. भिंत धरून चुलीपर्यंत जायची आणि परत यायची. पाय टेकताना श्वास रोखायची. दुखत नसे, पण दुखेल की काय असं वाटे, आणि ते दुखण्याहून वाईट होतं. काठी खुंटीला टांगलेली. पोटरी वाळून काटकी झाली होती.

अशात शेजारच्या बोकडाने घरात घुसून चूल फोडली. सासूबाईंनी माती, भुसा, शेण कालवून नवी चूल घातली आणि सावलीत वाळवली. वरून हात लावला तर खणखणीत.

"आज हिच्यावर भाकरी!" लेक म्हणाली.

"आज नाही," सासूबाई म्हणाल्या. "वरून वाळलीय, आतून ओलीच आहे. आत्ता जाळ घातला तर फुटेल." त्यांनी मूठभर काटक्या घातल्या, पेटवल्या, विझू दिल्या. दुसऱ्या दिवशी आतून हात फिरवून पाहिला, एक बारीक चीर होती ती मातीने बुजवली, वाळू दिली, आणि परत मूठभरच काटक्या. चीर नाही दिसली तेव्हा जरा जास्त.

धावती भिंतीला टेकून बघत होती. "आत्याबाई, एवढा त्रास आहे तर पेटवूच नये. आणखी महिनाभर नुसती वाळू द्यावी."

"वर्षभर ठेव की. कच्चीच राहील. एक दिवस पातेलं ठेवशील आणि मान टाकेल. चूल आगीनेच पक्की होते गं. पण मुठीमुठीने."

धावतीने आपल्या वाळलेल्या पोटरीकडे पाहिलं. मग उठून खुंटीवरची काठी काढली. एका घुंगराला अजून झबल्याचा दोरा लटकत होता, तो तिने तोडून टाकला.

त्या दिवशी ती दारापर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गप्प होता, म्हणून विहिरीपर्यंत. मग वडापर्यंत. पुढे थोडं चालायचं, थोडं पळायचं, परत चालायचं. घुंगरं मोकळी वाजत होती आणि गाव ऐकत होतं. एकदा घाटीच्या अलीकडेच नळी कुरकुरली. धावती थांबली. मागे वळणं म्हणजे सगळ्या गावाच्या कानांवर वळणं. तिला लाज वाटली, भीतीही वाटली. तरी ती वळली. घुंगरं परत येताना ऐकून बायका दारात आल्या. "काय झालं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "आज इतकंच."

घरी येऊन ती रडली. मग सासूबाईंनी नव्या चुलीवरची भाकरी पुढे केली, आणि तिने ती सगळी खाल्ली. दोन दिवस नुसती चालली, नळी निवली, आणि ती पुन्हा घाटीपर्यंत गेली.

मग एक दिवस माचीवरून निरोप आला. त्याच घरातून, त्याच मुलाला पुन्हा ताप. सगळ्यांनी धावतीकडे पाहिलं. माचीपर्यंत पळणं तिने अजून केलं नव्हतं, नदीपर्यंतच केलं होतं.

"नदीपर्यंत मी," ती म्हणाली. "पुढचा चढ भाऊजींचा. काढा कुटून होईतो त्यांना पुढे पाठवा, ते काठावर थांबतील."

"थांबतो की," गुराखी म्हणाला. "नावाड्याची म्हैस व्यालीय, तेवढंच बघून होईल."

धावती निघाली. घुंगरं अशी वाजली की कुत्री आवरली गेली, बैल कडेला झाले, आणि ती काठाला आली तेव्हा नाव अलीकडे टेकलेली होती. गुराखी पुढे झाला. धावतीने पुरचुंडी दिली. मग क्षणभर थांबून काठीही दिली.

नाव पलीकडे लागली. गुराखी चढ चढू लागला, आणि त्याच्या हातात घुंगरं वेडीवाकडी, पण मोठ्याने वाजत वर वर गेली. धावती काठावर उभी राहून ऐकत होती. पाय वर जायला उठत होते. तिने ते उठू दिले नाहीत. आवाज माचीच्या कडेला पोचला, तिथे थांबला. औषध पोचलं होतं. मग ती घराकडे वळली. चालत.

आणि तात्पर्य एवढंच: दुखणं थांबलं म्हणजे बळ आलं असं नाही, आणि भिऊन बसून राहिलं तर ते कधी येतही नाही. मूठमूठ चालावं, सकाळी पायाला विचारावं, आणि त्याच्या उत्तराला चिंधी बांधू नये.