तारेचा पाहुणचार

ही गोष्ट फार जुनी, म्हणजे आमच्या पेठेतल्या मसाल्याच्या गिरणीत वीज नवीन होती तेव्हाची. तिखट उडून सगळी पेठ शिंकायची, म्हणून मालकाने धुराड्यात विजेची एक तार ताणून बसवली आणि तिच्यासमोर एक पत्रा उभा केला.

एकदा मिरचीचा एक बारीक कण हवेबरोबर धुराड्यात शिरला. त्याला बाहेर पडून जग पाहायचं होतं. वाटेत तारेने हाक मारली, "या पाव्हणं! जाता जाता चिमूटभर वीज घेऊन जा."

"त्याचं काय घ्याल?"

"छे हो, घरचीच आहे. सगळ्यांनाच देते."

व्यापारी माणसाला इथेच शंका आली असती. हा पडला मिरचीचा कण, त्याने घेतली. अंगात तरतरी आली खरी, पण वर जायचं सोडून तो पत्र्याकडे सरकायला लागला आणि चिकटलाच.

"अहो, सोडा मला! बाहेर जायचंय."

"मी कुठे धरलंय?" पत्रा म्हणाला. "तुम्ही घेतलेली वीजच तुम्हाला इकडे घेऊन आली."

शेजारी हळदीचा जाड थर बसला होता.

तेवढ्यात धण्याचा एक कण आला. तारेने त्यालाही तितक्याच अगत्याने विचारलं. मिरचीचा कण जीव तोडून ओरडला, "घेऊ नको रे! सरळ वर जा!"

धण्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तारेला म्हणाला, "बघा, स्वतः घेऊन बसलाय, आणि दुसऱ्याला मिळालं की याच्या पोटात दुखतंय. मला जरा जास्तच द्या."