खारवळच्या किनाऱ्यावरची हाक

खारवळ बेटाला होडी एकदम लावता येत नाही. आधी थांबावं लागतं. किनाऱ्यावर माध्यमिक शाळेची दोन मुलं उभी असतात, ती ओरडतात, "कोन हाय?" मग होडीतल्या प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. नवरदेव असो की मोठा साहेब, नाव ऐकू आल्याशिवाय मुलं बाजूला होत नाहीत. पाहुण्यांना हसू येतं. तेव्हा बेटावरचे म्हातारे गंगारामबाबा तांडेल त्यांना शाळेच्या पायरीवर बसवतात आणि वर छपराकडे बोट दाखवतात. सागाच्या आढ्यावर दोर काचल्याचे वळ अजून आहेत.

"आधी ते बघा," बाबा म्हणतात. "मग हसा."

असं सांगतात की, पूर्वी बेटावर सातवीपुढं शाळा नव्हती. शिकायचं तर खाडी ओलांडून वेसरीला जायचं. आणि वेसरीचं नि खारवळचं मासळीच्या जागेवरून हाडवैर. जाळी कापायची, होड्या फोडायच्या, हे दोन्हीकडून चाले. बेटाची पोरं वेसरीच्या धक्क्यावर उतरली की त्यांना दगड बसत. एका पोरीचा डोळा गेला, त्या दिवशी हिराजी नावाचा कोळी म्हणाला, "बस झालं. शाळा इथंच बांधू."

हिराजीला पोशा नावाचा धाकटा भाऊ होता. त्याचा हात आधी चाले, डोकं मागून येई. आईबाप लहानपणीच गेलेले. हिराजीनं त्याला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं, वाळूत बोट धरून नाव लिहायला शिकवलं. तेवढं एक नाव सोडलं तर पोशाला अक्षर येत नव्हतं.

"दादूस, मला कशाला रं शाळा?"

"तुला कोन घेतंय, माकडा? तुझ्या पोरांना लागंल."

भिंती उभ्या राहिल्या. आढ्यासाठी सागाचा सोट तेवढा वेसरीपलीकडून आणायचा राहिला. दोघे भाऊ गेले, सोट होडीला बांधून निघाले. धक्क्याजवळून जाताना दगडांचा मारा सुरू झाला. वेसरीच्या गोमा तांडेलानं मारलेला दगड हिराजीच्या कानशिलावर बसला. हाड फुटल्याचा आवाज पोशानं ऐकला. त्यानं सुकाणू सोडून भावाला धरलं, तशी होडी कलली, दोर तुटला आणि सोट वाहून गेला. दादूसचं डोकं मांडीवर घेऊन पोशा त्याच्याशी बोलत राहिला. घर आलं, ऊठ, म्हणाला. हिराजी केव्हाच गार झाला होता.

होडीतलं रक्त पोशानं कुणाला धुऊ दिलं नाही. तळाशी पडलेला तो दगड त्यानं उचलला आणि गावदेवीसमोर शपथ घेतली: हा दगड गोमाच्या डोक्यात घालीन, तोवर शाळेवर आढं चढू देणार नाही. गवंडी आले, त्यांना त्यानं वल्ह्यानं झोडपून काढलं. बिनछपराच्या भिंतींना शेवाळ धरलं. हिराजीची बायको चंद्री रोज त्याला म्हणे, "भावजी, त्यांची शाळा उघडी पडलीय." पोशा ऐके आणि किनाऱ्यावर जाऊन बसे. दगड सतत हातात. झोपतानाही उशाला, असं म्हणतात.

खाडीत माणूस ओळखतात तो शिडावरून. गोमाच्या शिडाला निळं ठिगळ होतं. एका सकाळी ते ठिगळ बेटाकडे येताना दिसलं. वारा बेटाकडून सुटलेला, होडी आडवीतिडवी होत येत होती. पोशा कमरेएवढ्या पाण्यात शिरला. मागून चंद्री धावत आली.

"भावजी, थांब! मानूस तरी बघ!"

"शीड बघितलंय ना!"

शिडाआडून एक डोकं वर आलं आणि पोशानं दगड मारला. माणूस होडीतच कोसळला. पोशानं आत उडी घेतली, केसांना धरून त्याला ओढलं, होडीत पडलेला तोच दगड पुन्हा वर उगारला. आणि त्याचा हात तिथंच राहिला. तो गोमा नव्हता. गोमाचा धाकटा भाऊ चांग्या होता, मिसरूडही न फुटलेला. होडीच्या पलीकडच्या अंगाला हिराजीचा तो सोट दोरांनी आवळून बांधलेला होता. वाहत वेसरीला लागलेला, तो पोरगा परत घेऊन आला होता.

चांग्याच्या तोंडातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "दादूसला सांगू नको. होडी न विचारता आनलीय."

एवढंच बोलला आणि गेला.

पोशानं सोट सोडून चंद्रीच्या हवाली केला आणि तीच होडी उलट वळवली. वेसरीच्या धक्क्यावर माणसं दगड घेऊन उभी होती. पण शीड आपलं म्हणून कुणी मारला नाही. पोशानं चांग्याला उचलून गोमाच्या पायाशी ठेवलं. शेजारी दगड ठेवला. मान खाली घातली.

"तुझाच हाय," तो म्हणाला. "मार."

गोमानं दगड उचलला. भावाकडे बघितलं. मग म्हणाला, "हात ठेव."

पोशानं उजवा हात धक्क्याच्या फरशीवर ठेवला. गोमा तो ठेचत राहिला, बोटं ओळखू येईनाशी होईपर्यंत. पोशानं हात मागं घेतला नाही. ओरडला तो गोमाच, असं सांगतात.

आढं चढवायला गोमा आला होता, असं काही जण म्हणतात. तो पुन्हा बेटाकडे फिरकलाच नाही, असंही म्हणतात. पण वेसरीहून पहिली पोर या शाळेत आली ती गोमाची, हे दोन्ही गावं मानतात.

पोशाला एक गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही. चांग्यानं वर येताना आपलं नाव सांगितलं होतं का? वारा उलटा होता. सांगितलं असेल, तर ते वेसरीकडेच उडून गेलं. त्यासाठी पोशा जन्मभर किनाऱ्यावर बसला आणि प्रत्येक होडीला विचारत राहिला. तो गेल्यावर शाळेच्या मुलांनी विचारायला सुरुवात केली.

आजही आठवीत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उभं करतात. हातात असेल ते खाली ठेवायला लावतात. मग बाबा सांगतात, "शीड बघू नको. इचार. ऐकू नाय आलं, तर परत इचार."

आणि वारा उलटा असला की बेटावर ती हाक फार वेळ चालते.