रकान्यातलं शून्य

बोरटेकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्यसनमुक्तीचे उपचार मिळावेत, म्हणून तिथल्या डॉक्टर गेडामबाईंनी सरकारी अनुदानासाठी अर्ज केला होता. पाहणीला जिल्ह्याहून दहीफळे साहेब आले आणि त्यांनी अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं.

"व्यसनासाठी आजवर आलेले रुग्ण, शून्य. बाई, तापाच्या रांगेत बसून आपलं व्यसन कोण सांगणार? त्यासाठी जिल्ह्याला वेगळं केंद्र आहे की. अर्ज परत पाठवतो."

तिथे येणारा प्रत्येक साहेब करतो तसं दहीफळ्यांनीही बाही वर सरकवली. "आलोच आहे, तर बीपी बघून टाका."

पट्टा गुंडाळता गुंडाळता बाईंनी सहज विचारलं, "तंबाखू किती वर्षं?"

"वीस झाली असतील. सुटता सुटत नाही हो. काही औषध आहे का?"

"आहे. पण जिल्ह्याच्या केंद्रात कधी विचारलं नाहीत?"

"ते आमच्या ऑफिससमोरच आहे. पण पायरी चढताना कुणी बघितलं तर..."

साहेब मध्येच थांबले.

बाईंनी पट्टा सोडला आणि अर्ज पुढे केला. "तेवढा रकाना दुरुस्त करता का, साहेब?"

साहेबांनी शून्य खोडलं, एक लिहिलं आणि खाली सही केली.