आधी चिरा धरा

राजा रणधवलाच्या बंधाऱ्यावर माणसं येईनाशी झाली होती. बंधारा अर्धा, पावसाळा तोंडावर, आणि नदीच्या कोरड्या पात्रात हात कमरेवर ठेवून उभा एकटा राजा!

तसा बंधारा कुणा एकाचा नव्हताच. पाणी सगळ्या गावाला मिळणार, म्हणून ज्याला सवड होईल त्याने यावं, चिरा उचलावा, थरात बसवावा, आणि जुन्या हातांनी नव्या हातांचं काम तपासावं, अशी रीत. मजुरी नाही, सक्तीही नाही. सुरुवातीला सुतार आले, शिंपी आले, तेलीण आली. मग राजा स्वतः येऊ लागला. बांधकामातलं त्याला खरोखर कळायचं. वाकडा चिरा त्याला काठावरून दिसायचा. पण सांगायची तऱ्हा अशी, की सोपान शिंप्याने एक चिरा तिरका ठेवला आणि त्याच्या आजोबा-पणजोबांसकट सगळ्यांचा उद्धार झाला. सोपान आपल्या सुईदोऱ्याकडे परत गेला. त्याच्यामागून बाकीचेही गेले.

प्रधानाने उपाय योजला. बंधाऱ्यावर कोणते अपशब्द वापरू नयेत, याची गावभर दवंडी पिटवली. ज्या पोरांना दोनच शिव्या येत होत्या, त्यांना संध्याकाळपर्यंत चाळीस पाठ झाल्या. मग ठरलं की प्रत्येकाला ‘श्रीमंत’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी राजा गरजला, "श्रीमंत गाढवा, डोळे फुटले का?"

शेवटी राजाने गाव चावडीपुढे गोळा केलं आणि का येत नाही म्हणून विचारलं. कुणी तोंड उघडेना. राजाचा आवाज चढला, तशी हौसा कुंभारणीच्या कुशीतली तान्ही चिमी किंचाळून रडू लागली.

हौसा तिला घाईघाईने थोपटू लागली. मूल झाल्यापासून तिला कशाचीही काळजी वाटे. चिमी रडली तर वाटेच, पण बराच वेळ रडली नाही तर जास्तच वाटे.

"काय झालं हिला?" राजाने विचारलं.

"आवाजाची सवय नाही, महाराज," हौसा बोलून गेली. "बाकीच्यांनाही नाही. ही रडते, ते घरी जातात."

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. आपली जीभ कुणाच्या घरी गहाण ठेवता आली तर किती बरं, असं हौसाला वाटलं.

राजा मोठा हट्टी. म्हणाला, "मग तूच आण त्यांना परत. पण ऐक. मी बंधाऱ्यावर येणार. चूक दिसली की सांगणार, कारण चुका झाकल्या तर पहिल्याच पुरात बांध फुटेल. आणि मी कोणते शब्द वापरायचे, ते मला कुणी शिकवायचं नाही. पौर्णिमेपर्यंत जमलं नाही, तर घरटी एक माणूस वेठीला धरीन."

हौसाच्या घरी मोठं माणूस ती एकटीच. नवरा मडकी विकायला परमुलखात गेलेला. म्हणजे पोर पाठीला बांधून, शिपायाच्या छडीपुढे दगड वाहायचे ते तिनेच!

दुसऱ्या दिवशी चिमीला न्हाऊ घालताना ती हाच विचार करत होती. दारातून नणंद म्हणाली, "अगं, मान सांभाळ. असं धरतात का मुलाला?" हौसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात म्हातारी सुईण येऊन खाली बसली, तिने आपला तळवा हौसाच्या तळव्याखाली घातला आणि म्हणाली, "मान सांभाळ." गोष्ट तीच. पण या वेळी काहीच लागलं नाही. हौसा थबकली. मग अंग पुसता पुसता हसायला लागली. नणंदेला वाटलं, बाळंतपण डोक्यात गेलं.

हौसा तडक राजाकडे गेली. म्हणाली, "महाराज, तुमच्या शब्दांना मी हात लावत नाही. रीत एवढीच. ज्याला चिरा वाकडा दिसेल त्याने त्याचं एक टोक धरायचं, बसवणाऱ्याने दुसरं. चिरा उचललेला असेपर्यंत वाटेल ते बोला. खाली टेकला की विषय संपला. मागाहून पाणवठ्यावरसुद्धा काढायचा नाही."

"आणि शिव्या?"

"पोटभर द्या."

राजा खूश झाला. पोरीने हार मानली, असंच त्याला वाटलं.

हौसा घरोघर फिरली. कामाला नका येऊ, नुसतं बघायला या, म्हणाली. बघायला सगळं गाव आलं. सोपानने भीत भीत एक चिरा ठेवला. तिरकाच बसला.

"अरे गा..." राजाने तोंड उघडलं.

"महाराज, आधी चिरा," हौसा म्हणाली.

राजा वाकला. चिरा उचलला, तसा शब्द घशातच अडकला. तोंड लालबुंद! सोपान घाबरून म्हणाला, "महाराज, गुडघ्यात वाका, पाठ धरेल." राजा मुकाट्याने गुडघ्यात वाकला. "इकडे... जरा तुझ्याकडे... सावकाश... हां." चिरा चपखल बसला. राजाने कंबर सरळ केली, दम घेतला, आता ठेवणीतली शिवी काढणार, तोच हौसाने चिऱ्याकडे बोट दाखवलं. चिरा खाली टेकला होता.

राजा हट्टीच! शिवी पुरी करायला त्याने चिरा पुन्हा उचलला. पुन्हा तोंड लाल, पुन्हा "सावकाश, सावकाश." गाव पोट धरून हसलं, आणि हसता हसता एकेक जण कामाला लागला. दुपारपर्यंत राजाने इतके चिरे उचलले, की सकाळी काठावरून वाकडे दिसणारे कितीतरी त्याला आता चालण्याजोगे वाटू लागले. जे खरोखर वाकडे होते, तेवढे मात्र त्याने एकूण एक सरळ करून घेतले.

पौर्णिमेआधीच बंधारा पुरा होत आला. राजाने हौसाला बोलावलं. "तू माझं तोंड बंद केलं नाहीस. मग माझ्या शिव्या गेल्या कुठे?"

"महाराज," हौसा म्हणाली, "शिव्या द्यायला दोन्ही हात मोकळे लागतात."

राजा असा खदखदून हसला, की दुखरी कंबर त्याला दोन्ही हातांनी धरावी लागली. वेठ त्याने त्या गावातून कायमची उठवली. वर म्हणाला, "तुला काय हवं ते माग."

हौसाने जरा विचार केला. "बंधाऱ्यावर एक मांडव घालून द्या. पाळणे टांगायला दोर द्या. आम्हा आयांचे हात मोकळे होतील."

"दिला मांडव!" राजा म्हणाला. "पण गावातल्या सगळ्या आयांचे दोन्ही हात मोकळे? मग आता शिव्या खाण्याची पाळी माझी!"