मथुरामावशींचं मोदकपात्र

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीला यंदा बडी असामी आली होती. गोदामांचे मालक यशोधन करंदीकर निवडणुकीला उभे होते. आरतीआधी त्यांनी माईक जो धरला, तो सोडेचनात. "श्रीमंतांचा कर कमी करा," ते गरजले. "त्यापायी शाळेतलं फुकट जेवण बंद करावं लागलं तरी चालेल. वरच्यांना द्या, खाली आपोआप झिरपतं!"

स्वयंपाकघरात मथुरामावशींचा हात थबकला. त्या तिथल्याच शाळेत गणित शिकवायच्या, आणि रिकाम्या पोटी गणित डोक्यात शिरत नाही हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांनी मोदकपात्र भरलं, खालचा गॅस बंद केला आणि झाकणावर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून दिलं. "बाप्पा, आज जरा उशीर होईल हं," त्या पुटपुटल्या.

भाषण संपलं, तरी नैवेद्य काही येईना. करंदीकरांना पुढच्या सभेची घाई. ते तडक आत आले. पातेलं बाजूला सारून त्यांनी झाकण उचललं, तर मोदक कच्चेच! मागोमाग अर्धं मंडळ दारात जमलं.

"अहो मावशी, आच कधी वरून देतात का?"

"तुम्हीच म्हणालात ना, वरून खाली झिरपतं?"

"मोदक आहेत ते! आच तळाला लावा, वाफ आपसूक वरपर्यंत जाते. शेंबड्या पोरालाही कळतं हे!"

"कळतं ना?" मावशींनी हसत गॅस पेटवला. "मग हेच मघाशी माईकवर सांगितलं असतंत, तर एव्हाना सगळ्यांची पानं वाढून झाली असती!"