राणीच्या माहेरचा काळा गूळ

राजे हत्तीवरून फिरत आणि मुंग्या माणसांशी बोलत, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. तोंडात गुळाचा खडा धरून ऐकली तरी माझी हरकत नाही. खडा कुठून आला तेवढं मात्र आधी विचारून घ्या.

एका राज्याची राणी मुळात एका गुळव्याची लेक होती. गुळव्या म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करणारा. तिचं बालपण चुलवणावर चढवलेल्या रसाच्या पसरट काहिलीशेजारी गेलं. रस उकळू लागला की तिचे आबा रानभेंडीची ताटं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात सोडत. सगळी मळी वर येई आणि लेक लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढून टाकी. त्यांचा गूळ रंगाने काळा. पण खडा जिभेवर ठेवला की त्यात ऊसही लागे आणि चुलवणातला धूरही.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात आबा गुळाची ढेप डोक्यावर घेऊन राजवाड्यात आले. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं? ढेप भर दरबारात उघडली गेली. दरबारी मंडळींना हसायला निमित्तच हवं असतं. एकजण नाकाला उपरणं लावून म्हणाला, "हा गूळ आहे की गोवरी?"

सगळे खो खो हसले. राणी नवी होती, वयाने लहान होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हळूच म्हणाली, "आबा, पुढल्या वर्षी जरा उजळ आणा ना."

"बरं पोरी," आबा म्हणाले, आणि पाणी पिऊन निघाले.

पुढल्या वर्षी आबांनी आणलेली ढेप हळदीसारखी पिवळी होती. दरबाराने वाहवा केली. राणीला पिवळा गूळ आवडतो ही बातमी गावोगाव गेली, आणि बाजारात काळ्या गुळाला कुणी हात लावेना. दोन-चार हंगामांत राज्यातली सगळी गुऱ्हाळं पिवळा गूळ काढू लागली.

पहिला पिवळा खडा खाल्ला तेव्हाच राणीला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं होतं. गोड होता, पण नुसताच गोड, आणि मागाहून घशाशी काहीतरी खवखवत होतं. राजवाड्यात येऊन आपलीच जीभ बदलली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. दर हंगामाला आबा येत, ढेप ठेवत आणि विचारत, "आवडला ना?" ती "हो" म्हणे. मग एका वर्षी आबांच्या ऐवजी ते गेल्याचा निरोप आला.

तेव्हापासून राणीचं अन्नावरचं मन उडालं. पुढ्यात पंचपक्वान्नांचं ताट असे, आणि तिला आठवे काहिलीच्या कडेवरून खरवडलेला ऊन ऊन काळा गूळ. तो एकदाच मिळावा, एकच खडा मिळावा, म्हणजे आबा भेटल्यासारखं होईल, असं तिला फार वाटे. त्या ओढीने ती झुरू लागली. राजवैद्यांनी काढ्यांवर काढे दिले. माहेरच्या ओढीवर कसला आलाय काढा!

एका दुपारी ती मुदपाकखान्यात गेली. फडताळात पिवळ्या गुळाची ढेप उघडीच पडली होती. मुंग्यांची रांग तिला वळसा घालून सांडलेल्या दुधाकडे चालली होती.

राणीने शेवटच्या मुंगीला विचारलं, "काय गं, गूळ सोडून कुठे निघालीस?"

"राणीसाहेब, आम्ही डोळ्यांनी खात नाही," मुंगी म्हणाली. "आमच्यातल्या एका म्हातारीने तो चाखून पाहिला, तर पोट धरून बसली बिचारी. त्यात काय घातलंय, हे तुम्ही कधी विचारलंत का?"

एवढ्या वर्षांत राणीने खरोखरच विचारलं नव्हतं. तिने रथ जोडायला सांगितला आणि माहेर गाठलं.

गुऱ्हाळ आता तिचा धाकटा भाऊ चालवत होता. काहिलीजवळ रानभेंडीची ताटं कुठेच दिसेनात. तिथे पांढऱ्या पुडीचं एक पोतं होतं.

"हे काय रे?" राणीने विचारलं.

भावाने मान खाली घातली. "रंगारी कापडाचा रंग उडवाय वापरत्यात ती पूड, आक्का. मूठभर टाकली की गूळ पिवळा व्हतो. आता समद्या गुऱ्हाळांत हीच टाकत्यात, आन खानाऱ्यांच्या पोटात आग पडती."

"आबांना हे ठाऊक होतं?"

"आबांनीच आणली. आदी लई खटपट केली त्यांनी. भेंडीचं पाणी दुप्पट घातलं, धा-धा बारी मळी काढली. तरी गूळ उजळंना. मग म्हणाले, लेकीची मान खाली जायाला नको." भावाने पोतं पायाने मागे सारलं. "पन त्यांच्या जिवाला घोर हुता. तुझ्यासाठी काढलेला गूळ आदी आठ दिस सोता खायाचे. मला काय झालं न्हाई तर पोरीला बी व्हनार न्हाई, म्हनायचे. पोटात आग पडायची त्यांच्या. तर म्हनायचे, वय झालं, दुसरं काय!"

राणी तिथेच चुलवणापाशी बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

बऱ्याच वेळाने ती उठली, पदर खोचला आणि भावाला रानात भेंडी आणायला पाठवलं. पहिली काहील करपली. दुसरीचा पाक कच्चा राहिला. तिसऱ्या वेळी तिने पाकाचा थेंब पाण्यात सोडला, त्याची घट्ट गोळी झाली, आणि गूळ काळाभोर उतरला.

राणीने खडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. भाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"जवळपास आहे," ती म्हणाली. "पण आबांचा नाही."

आबांच्या हाताचा अंदाज आबांबरोबर गेला होता. भाऊ तो शिकायच्या वयाचा झाला, तोवर भेंडीचं काम बंद पडलं होतं.

ती ढेप राणीने स्वतःच्या डोक्यावरून दरबारात नेली आणि शेजारी पुडीचं पोतं उघडून ठेवलं. "हा माझ्या माहेरचा गूळ," ती म्हणाली. "ही पूड माझ्या एका शब्दामुळे तुमच्या पोटात गेली. आजपासून मला गूळ हवा तो असाच."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. पूड पुन्हा रंगाऱ्यांकडे गेली. गुऱ्हाळांना काळा गूळ जमायला काही हंगाम लागले, पण जमला, आणि लोकांच्या पोटातली आग थांबली. राणी दर वर्षी नव्या गुळाचा खडा चाखे. दर वर्षी तो आबांच्या गुळाच्या जरा जवळ येई, पण आबांचा काही कधी झाला नाही. "आबा, काळाच आणा," एवढं सांगायचं राहून गेलं होतं, ते कायमचं राहिलं.

तात्पर्य: खाणारा मागेल तसंच अन्न शिजतं, म्हणून अन्नाचा रंग मागू नये, कस मागावा.