बाईंचं बेसिन

"पण मग तो माझ्याशी का बोलत नाही, बाई?"

विचारणारे डॉक्टर निशिकांत खैरमोडे. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात नुकतेच रुजू झालेले, आणि विद्यार्थ्यांच्या ताणतणावावरचं प्रशिक्षण ताजं ताजं घेऊन आलेले. ज्यांना विचारलं त्या आमच्या विभागप्रमुख घैसासबाई. निशिकांत एकेकाळी त्यांचाच विद्यार्थी.

बाई बेसिनपाशी काचेची भांडी धूत होत्या. प्रात्यक्षिकं संपली की हे काम त्या स्वतः करायच्या, तेही एखाद्या विद्यार्थ्याला हाताशी घेऊन. शिपाई असताना! आम्ही हसायचो. हसा खुशाल, म्हणायच्या.

"कोण बोलत नाही?"

"प्रज्वल. त्याचा रूममेट रडवेला होऊन आला होता. जेवत नाही, झोपत नाही, नुसता भिंतीकडे बघत बसतो म्हणाला. मी लगेच प्रज्वलला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, टेबलासमोर बसवलं. डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, मन मोकळं कर."

"मग?"

"म्हणाला, सगळं ठीक आहे, सर."

"अरे, तोंडी परीक्षाच घेतलीस की त्याची!"

निशिकांत सरांचा चेहरा उतरला.

बाईंनी एक ओलं बीकर आणि खांद्यावरचं फडकं त्यांच्या हातात दिलं.

"पूस."

सर पुसू लागले. बाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. नळ चालू होता...

"बाई," बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "खरं सांगू? मलाच भीती वाटत होती. तो खरंच काही बोलला असता, तर मी काय करणार होतो?"

"हं," बाई म्हणाल्या, आणि दुसरं बीकर पुढे केलं.

तेवढ्यात प्रज्वल दारात आला. आज भांडी पुसायला बाईंनी त्यालाच बोलावलं होतं; त्याचं काहीतरी बिनसलंय हे त्यांच्याही नजरेला आलं होतं. त्याला सरांशेजारी उभं करून त्या लांबच्या टेबलाशी ब्युरेट तपासत बसल्या. मी, प्रयोगशाळा सहायक, कोपऱ्यात तराजू झाकत होते.

दोघं पुसत राहिले.

सरांनी बोलायला तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. शाब्बास रे, मी मनात म्हटलं.

"सर..." प्रज्वल हातातल्या बीकरकडे बघत म्हणाला. "मला जगावंसंच वाटत नाही."

सरांचा हात थांबला नाही. कसं जमलं असेल त्यांना, देव जाणे.

"जीव द्यायचे विचार येतात का रे?"

"...येतात."

"बरं झालं सांगितलंस."

आणि मग तो पोरगा बोलायला लागला. किती बोलला! फडकं डोळ्यांना लावून रडला. सरांनी मध्ये एक शब्द टाकला नाही.

तो शांत झाल्यावर सर म्हणाले, "आपल्या समुपदेशक आहेत ना, सावरकर मॅडम, त्यांच्याकडे तुला पाठव..."

बाईंनी नुसती मान वर केली.

"...त्यांच्याकडे आपण दोघं जाऊ. आत्ताच. मी आहे सोबत."

प्रज्वलनं मान डोलावली. सरांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला. इतक्या वर्षांत मला कुठल्या प्राध्यापकाचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

दारापर्यंत गेले, आणि सर वळले.

"बाई, अर्धी भांडी तशीच राहिली."

"राहू देत. काचेला घाई नसते."